'निरसन' म्हणजे नेमके काय? कायदा 'रद्द' झाला असे का लिहीत नाहीत?

तुमचा प्रश्न असा : कायद्यांच्या शेवटी 'अमुक अधिनियम, याद्वारे, निरसित करण्यात येत आहे' असे छापलेले असते. मग साधे 'रद्द' का लिहीत नाहीत, आणि हा शब्द आपण कुठे वापरावा?

निरसन म्हणजे विधिमंडळाने किंवा संसदेने एक कायदा दुसऱ्या कायद्याने काढून टाकणे. मूळ संस्कृत 'निर्' + 'अस्', म्हणजे बाहेर फेकणे. शंकेचे निरसन होते तेव्हा शंकाही बाहेरच फेकली जाते. त्याच धातूपासून आलेला 'निरास' हा शब्द 'निराश' असा छापला गेला, की शंकानिरासाचे भलतेच काहीतरी होऊन बसते.

'रद्द' चूक नाही, पण फार ढगळ आहे. गाडी रद्द होते, निविदा रद्द होते, परवानाही रद्द होतो. कायदा कोणी संपवला आणि कसा, हे त्यातून कळत नाही. न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला तर ते निरसन नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्दबातल ठरवले. ते निरसित झालेले नव्हते, त्यामुळे पुस्तकात छापलेलेच राहिले आणि त्याखाली पुढे कित्येक वर्षे गुन्हेही नोंदवले जात होते. ठरावीक मुदतीचा कायदा मुदत संपल्याने गेला, तर तो 'व्यपगत' होतो. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये व्यपगत झाला. त्यानंतरच्या 'पोटा' या दहशतवादविरोधी कायद्याचे मात्र २००४ मध्ये निरसन झाले. कायदा राहून त्यातले एखादे कलमच काढले तर ते 'वगळले' म्हणतात. जुन्या शासन निर्णयाची जागा नव्याने घेतली तर जुना 'अधिक्रमित' होतो, आणि पालिकेचा ठराव शासन 'विखंडित' करते. 'शासन निर्णयाचे निरसन' असे कुठे दिसले, तर लिहिणाऱ्याने शब्द केवळ भारदस्त वाटला म्हणून उचललेला असतो.

वाक्यरचनेत हमखास होणारी चूक म्हणजे 'कायदा निरसन झाला'. निरसन हे नपुंसकलिंगी नाम आहे, म्हणून 'कायद्याचे निरसन झाले' किंवा 'कायदा निरसित झाला' असेच लिहावे.

खरी मेख 'निरसन' या शब्दाच्या शेजारी बसलेल्या शब्दात असते. कलमाचा मथळा बहुधा 'निरसन व व्यावृत्ती' असा असतो. व्यावृत्ती म्हणजे जुना कायदा गेला तरी त्यातले काय वाचवून ठेवले, ते. अध्यादेशाच्या जागी अधिनियम येतो तेव्हा तिथे 'असे निरसन झाले असले तरी, उक्त अध्यादेशाच्या तरतुदींन्वये केलेली कोणतीही गोष्ट किंवा कोणतीही कारवाई...' असे लांबलचक वाक्य असते. लोक पहिली ओळ वाचून थांबतात आणि तिथेच फसतात.

नागरी जमीन कमाल धारणा कायदा, १९७६, म्हणजे आपला यूएलसी, हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. केंद्राने १९९९ मध्ये निरसनाचा कायदा केला, पण तो महाराष्ट्राला लगेच लागू झाला नाही. मूळ कायदा घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली, राज्यांच्या ठरावांवरून केलेला होता. त्यामुळे निरसनही राज्याने ठराव करून स्वीकारावे लागले. महाराष्ट्रात ते २९ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाले. म्हणजे १९९९ ते २००७ या काळात 'यूएलसी गेला' म्हणणारा इथे चुकत होता. २००७ नंतर 'यूएलसी गेला, जमीन सुटली' म्हणणाराही निम्माच बरोबर. निरसन कायद्याच्या कलम ३ ने असे ठेवले, की शासनाकडे निहित झालेल्या, म्हणजे मालकीने शासनाकडे गेलेल्या, ज्या जमिनीचा ताबाही घेतलेला आहे, ती शासनाचीच राहील. मूळ कायद्याच्या कलम २० खाली दिलेली सूट आणि तिच्या अनुषंगाने केलेली कारवाईही टिकून राहील. म्हणून अशा जमिनीत सातबाऱ्यावरच्या नोंदीइतकाच ताबा पावतीचा कागद आणि ताब्याची तारीख महत्त्वाची. ताबा प्रत्यक्ष घेतला की नुसता कागदावर, यावरच बहुतेक भांडणे उभी राहतात.

व्यावृत्ती लिहिलेलीच नसेल तर? केंद्रीय कायद्यांना सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम ६ लागू होते : वेगळा हेतू दिसत नसेल, तर आधी मिळालेले हक्क, आलेले दायित्व, घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा आणि चालू कार्यवाही निरसनाने बुडत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला आली, तरी ३० जूनला झालेल्या चोरीची तक्रार २ जुलैला दिली, तर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेखालीच लागतो. नव्या संहितेच्या कलम ३५८ मध्येही तशी व्यावृत्ती आहे. मात्र कलम ६ मुदत संपलेल्या कायद्याला लागत नाही. टाडाने ती सोय स्वतःच्या कलम १ मध्येच करून ठेवली होती, म्हणून १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला टाडा संपल्यावरही टाडाखालीच चालला.

आणखी एक : 'ख' कायद्याने 'क' चे निरसन केले आणि पुढे 'ख' चेही निरसन झाले, तर 'क' आपोआप जिवंत होत नाही. तसे स्पष्ट लिहावे लागते. तसेच, संसद अधूनमधून 'निरसन व सुधारणा अधिनियम' करून जुन्या सुधारणा कायद्यांची यादीच्या यादी काढून टाकते. त्यात ओळखीचे नाव दिसले म्हणून घाबरू नये. ती सुधारणा मूळ कायद्यात आधीच मिसळलेली असते, वेगळा हेतू नसेल तर ती तशीच राहते. जाते ते फक्त रिकामे टरफल.

तेव्हा कोणी 'तो कायदा आता नाही' म्हणाले, की मी आधी नव्या कायद्याची शेवटची दोन-तीन कलमे उघडतो, मग तो अंमलात आणणाऱ्या अधिसूचनेची तारीख पाहतो, आणि ती आपल्या प्रकरणातल्या घटनेच्या तारखेशी ताडून बघतो.