ग्लुकोज पेशीत शिरते कसे, आणि ओआरएसमध्ये मीठ कशाला?

ग्लुकोज पाण्यात सहज विरघळते, मग पेशीपटल (पेशीचे पातळ आवरण) ओलांडायला त्याला प्रथिन का लागते, ते प्रथिन बोगद्यासारखे कायम उघडे असते का, आणि जुलाबात देतात त्या ओआरएसमध्ये साखरेच्या जोडीला मीठ का असते, असे तुम्ही विचारले आहे. कोल्हापुरात पदवीच्या वर्गाला जीवरसायनशास्त्र शिकवताना यातला बोगद्याचा प्रश्न मला हमखास येतो.

पाण्यात विरघळते म्हणूनच ग्लुकोज अडते. पेशीपटलाची जाडी अवघी चार-पाच नॅनोमीटर असली, तरी त्याचा गाभा तेलकट असतो, आणि पाण्याच्या रेणूंना धरून राहणारे ग्लुकोज ती संगत सोडून तेलात शिरायला सहसा तयार नसते.

बोगद्याची कल्पना मात्र सोडून द्यावी लागेल. तांबड्या रक्तपेशींवर विपुल असणारे ग्लूट-१ हे प्रथिन घ्या. त्याची साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते, त्या बारा खांबांचे सहा-सहाचे दोन गट पडतात आणि मधोमध ग्लुकोजपुरती जागा उरते. बाहेरून आलेला रेणू तिथे हायड्रोजन बंधांनी टेकला, की हे गट एकमेकांच्या संदर्भात कलतात, बाहेरची वाट मिटते आणि मग आतली उघडते. रेणू सुटल्यावर रिकामे प्रथिन पुन्हा बाहेरच्या बाजूला उघडते. दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या कधीच नसतात. आळीपाळीने उघडण्याची ही कल्पना ओलेग जार्डेट्स्की यांनी १९६६ साली पटलावरील पंपांसाठी मांडली होती. मानवी ग्लूट-१ची स्फटिकरचना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत आतल्या बाजूला उघडलेली अवस्था दिसली.

प्रत्येक रेणूसाठी एवढी हालचाल करावी लागत असल्याने वाहक प्रथिन सेकंदाला साधारण शेकडो ते हजारो रेणूच नेते, तर आयनांची (विद्युतभारित कणांची) वाहिनी एकदा उघडली की त्याच वेळात कोटीभर आयन जाऊ देते. बाहेर ग्लुकोज कितीही वाढवले तरी एका मर्यादेनंतर वेग वाढत नाही, याचे कारणही हेच. निवड मात्र इतकी काटेकोर, की ग्लुकोजचे आरशातले रूप, म्हणजे एल-ग्लुकोज, ते जवळजवळ नेतच नाही.

ग्लूट-१ ग्लुकोजला जास्त सांद्रतेकडून कमी सांद्रतेकडेच नेते. आतड्यातल्या पेशीला उलट दिशेनेही ओढून घ्यावे लागते आणि तिथे मीठ उपयोगी पडते. तिथले एसजीएलटी-१ हे प्रथिन मिठातल्या दोन सोडियम आयनांबरोबर एक ग्लुकोज आत घेते; सोडियमची आत शिरण्याची ही ओढ टिकवण्यासाठी पेशीच्या रक्ताकडील बाजूचा पंप एटीपी हे पेशीचे ऊर्जा-इंधन खर्चून दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. ही जोडवाहतूक रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये सुचवली. जुलाबातही ती बहुधा शाबूत राहते आणि आत गेलेल्या मीठ-ग्लुकोजच्या मागोमाग पाणी शोषले जाते. पंचगंगेच्या पुरानंतर वाटल्या जाणाऱ्या पाकिटावरचे प्रमाण वाचून पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, आणि ग्लुकोज व सोडियम दोन्ही ७५ मिलिमोल, म्हणजे संख्येने सारखेच, भरतात.

आपल्याकडच्या गुळातली साखर मुख्यतः सुक्रोज असल्याने तिला एसजीएलटी-१मध्ये जागा नाही. आतड्याच्या अस्तरावरचे विकर आधी तिचे दोन तुकडे करते, त्यातले ग्लुकोज वरील मार्गाने आत येते आणि फ्रुक्टोज ग्लूट-५ या वेगळ्या प्रथिनातून, सोडियमविना जाते.