मोठ्या संख्येची धास्ती

गणित घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची एक चिंता माझ्यापुढे वारंवार येते: सहा-सात अंकी संख्या देऊन ती मूळ आहे की संयुक्त असे विचारले की काही सुचेनासे होते, तेव्हा गणित आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असेच समजायचे का? अशा एका विद्यार्थिनीचा अनुभव, तिची ओळख उघड होणार नाही अशा बेताने, येथे मांडते.

चाचणीत तिला 12,34,567 चे अवयव विचारले होते. तिने 2, 3, 5, 7, 11, 13 यांनी भागून पाहिले. एकानेही भाग जाईना, तेव्हा ‘मूळ संख्या’ असे लिहिले, मग तेही खोडले आणि उरलेला वेळ तशीच बसून राहिली. “मॅडम, बाकीच्यांना संख्या बघताच कळत असणार, मलाच दिसत नाही,” असे ती म्हणाली. तिच्या त्रासाचे खरे कारण ही समजूत होती, असे माझे मत आहे.

म्हणून मी तिला 2 चा 67 वा घात वजा 1 या संख्येची हकीकत सांगितली. फ्रेंच गणितज्ञ मेर्सेन यांनी 1644 मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. ती संयुक्त असल्याचे गणितज्ञ ल्युका यांनी 1876 मध्ये सिद्ध केले, पण तिचे अवयव त्यांच्याही हाती आले नव्हते. 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287 हे अवयव अमेरिकी गणितज्ञ कोल यांनी 1903 मध्ये मांडले. संख्येविषयी एक गोष्ट पक्की ठाऊक असणे आणि दुसरी अजून ठाऊक नसणे, ही गणितातली रीतसर अवस्था आहे, हे तिला यातून पटले.

मग मी तिला म्हटले, “अवयव राहू दे, तुझ्या 12,34,567 बद्दल खात्रीने सांगता येईल तेवढेच लिही.” शेवटचा अंक 7, म्हणून 2 आणि 5 बाद, पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी 7 कधीच येत नाही, म्हणून ती पूर्ण वर्गही नाही. अंकांची बेरीज 28, म्हणून 3 ने भाग जात नाही. 4 ने भागल्यास बाकी 3 उरते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असू शकत नाही.

यानंतरचा मुद्दा मी कधीही घाईने उरकत नाही. संयुक्त संख्येचा निदान एक मूळ विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. 1111 चा वर्ग 12,34,321 आणि 1112 चा 12,36,544, म्हणजे 1111 च्या पुढे शोधण्याचे कारणच उरत नाही. शोधाला शेवट आहे हे कळले की घाबरलेल्या मुलांना मोठा धीर येतो. ती क्रमाने एकेक मूळ संख्या घेत गेली आणि 127 ने भाग गेला, भागाकार 9721. हा भागाकार मूळ आहे हे तिने स्वतःच ओळखले: त्याचे वर्गमूळ 99 पेक्षा लहान, आणि 127 च्या आतल्या एकाही मूळ संख्येने 12,34,567 लाच भाग गेला नव्हता, तर 9721 ला तरी कुठून जाणार?

पुढच्या एका चाचणीत तिला असेच उदाहरण वेळेत पुरे करता आले नाही. तिने उत्तरपत्रिकेत वर्गमुळाची मर्यादा लिहिली, खाली ‘211 पर्यंत विभाजक आढळला नाही, निर्णय बाकी’ असे नोंदवले आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.