मुलगा बोलत नाही पण ढोल वाजला की नाचतो

प्रश्न: ताई, आम्ही देवगडजवळ राहतो. मुलगा येत्या शिमग्याला तीन वर्षांचा होईल. आई, पाणी, भूभू असे सात-आठ शब्द येतात, पुढे गाडी जातच नाही. सासूबाई म्हणतात, 'तेचो बापूस पण उशिरा बोललेलो, गप रव.' पण गाणं लागलं की स्वारी खूश, टोपाचं झाकण बडवत नाचतो. आरतीला झांज वाजली की मात्र कान दाबून मागच्या पडवीत पळतो. मैत्रीण म्हणते म्युझिक थेरपी कर. इथे कुठे मिळणार? मोबाईलवर गाणी लावली तर चालेल का?

उत्तर: नाही गं, मोबाईल नको. का ते सांगते, पण त्याआधी कान तपासून घे. नाचतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नसतं, ढोलाचा दणका तर छातीतही जाणवतो, पण स, श, फ असे बारीक आवाज निसटत असतील तर बोलणं अडतं, आणि सारखी सर्दी होऊन कानात पाणी साठलं तरी तेच होतं. दोन वर्षांचं पोर 'पाणी दे' असे दोन शब्द जोडतं, हा तिनाला टेकलाय, त्यामुळे बापूस उशिरा बोललेला असला तरी आता गप राहू नकोस. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची टीम येते त्यांना सांग, ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात. कानाचा रिपोर्ट आला की स्पीच थेरपिस्ट.

आता गाणं. ओटीवर झोपाळा असेलच. त्याला समोरासमोर मांडीवर घे, रोज एकच छोटं गाणं म्हण, सूर चुकला तरी चालतंय, आणि शेवटच्या शब्दाआधी पाय टेकून झोका थांबव. गप्प बस. मनात दहा मोज. हे दहा आकडे लई जड जातात, आपल्यालाच बोलून टाकावंसं वाटतं! तो तुझ्याकडे बघेल, अंग हलवेल, नुसतं 'आ' करेल, तेवढ्यावर झोका सुरू. मोबाईल अशी वाट बघत नाही ना, तो आपला वाजतच राहतो.

तसंच करवंट्यांचं. दोन त्याला, दोन तुला. त्याने ठोकलं तसंच तू ठोक, मग थांब, आता त्याची पाळी. बोलणं तरी दुसरं काय असतं? जाखडी नाचणाऱ्यांसारखे घुंगरांचे चाळ पायात बांधून दे, पाय आपटला की आवाज, थांबला की बंद, हे त्याचं त्याला कळू दे.

पण यालाच इलाज समजू नकोस हां. 2017 साली 9 देशांतल्या ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या 364 मुलांवरचा अभ्यास छापून आला, शिकलेल्या म्युझिक थेरपिस्टनी पाच महिने सेशन घेऊनही नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणांत ठळक फरक दिसला नाही. तुझ्या मुलाला ऑटिझम आहे असं मी म्हणत नाहीये, पत्रावरून ते कळतही नाही. कान दाबतो तेही डॉक्टरांना आठवणीने सांग.

आरतीला ओढून पुढे बसवू नका. मागच्या पडवीतूनच ऐकू दे, आणि एरवी दुपारी झांज त्याच्याच हातात दे, आवाज किती काढायचा ते तो ठरवेल. शिमग्यातही पालखीच्या ढोलापासून लांबच उभे राहा.

आणि झाकण काढून घेऊ नकोस, फक्त बडवायला लाकडी डाव दे, सासूबाईंच्या डोक्यालाही जरा आराम.