ठाण्याची लोकसंख्या वाढीच्या दरावरून काढता येते, मग ‘जटिल गतिशील प्रणाली’ कशाला हवी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोजेक्टसाठी ठाणे शहराची २०५१ची लोकसंख्या काढायची आहे, जनगणनेवरून वाढीचा दर मिळतोय, तरी मॅडम ‘जटिल गतिशील प्रणाली म्हणून मांडा’, म्हणजे एकमेकांवर परिणाम करत सतत बदलणाऱ्या भागांची जुळणी म्हणून मांडा, असं का सांगतात? लोकसंख्येचे अंदाज बांधणं हेच माझं काम आहे आणि राहतो घोडबंदर रोडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्याच पद्धतीने करून बघा. ठाणे महापालिकेच्या हद्दीत २००१ला १२,६२,५५१ लोक होते, २०११ला १८,४१,४८८. म्हणजे दहा वर्षांत साधारण ४६ टक्के वाढ. हाच दर पुढची चार दशकं धरला तर २०५१ला आकडा येतो ८३ लाखांचा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला येऊरचं जंगल, एवढी माणसं राहणार कुठे? आणि त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर उतरली. चक्रवाढ मुदत ठेवीला चालते, कारण बँकेत आधीच किती पैसे पडलेत याच्याशी तुमच्या हजार रुपयांना काही देणंघेणं नसतं. माणसांना असतं. भाडं किती वाढलं, लोकलमध्ये चढता येतं का, टँकर किती वेळा मागवावा लागतो, हे बघून ती येतात, थांबतात किंवा पुढे कल्याण-बदलापूरला जातात. म्हणजे लोकसंख्या स्वतःच्याच वाढीचा दर बदलत राहते. मॅडमना हेच म्हणायचं असणार.

वयाचा मुद्दा तर मला सगळ्यात जवळचा वाटतो. घोडबंदरला एखादा कॉम्प्लेक्स उभा राहिला की दोन-तीन वर्षांत सगळे ताबा घेतात, आणि बहुतेक जोडपी तिशीतली असतात. आमच्याकडे सुरुवातीला सकाळी गेटवर केजीच्या मुलांच्या बसची रांग लागायची, संध्याकाळी घसरगुंडीवर नंबर लावायला लागायचा. आता तीच मुलं क्लासला जातात, घसरगुंडी बऱ्याचदा रिकामी असते, आणि गावाकडून आलेल्या आजी-आजोबांसाठी प्रत्येक विंगला रॅम्प हवा म्हणून सोसायटीच्या सभेत वाद होतात. एकूण माणसं जवळपास तेवढीच, पण गरजा पार बदलल्या. शाळा किंवा दवाखाना आखायचा तर नुसती बेरीज घेऊन काय करणार?

वयाचं गणित जुनंच आहे. लेस्ली नावाच्या संशोधकांनी १९४५ साली ते मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात, बसवलं: प्रत्येक वयोगटातले किती जण पुढच्या गटात जातील, कुठल्या वयाच्या बायकांना किती मुलं होतील. त्यातूनच लोकसंख्याशास्त्रज्ञ नेथन कीफिट्झ यांनी १९७१ साली दाखवलेली गोष्ट समजते. जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.१च्या आसपास (पुढची पिढी आधीच्या पिढीएवढीच राहील इतका) आला तरी तरुण जास्त असतील तर लोकसंख्या कित्येक दशकं वाढतच राहते. महाराष्ट्राचा दर पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ होता, तरी ठाणे वाढतंय, कारण त्यात भर पडते ती नेमकी विशी-तिशीत येणाऱ्यांची, आणि त्यांची मुलं इथे जन्मतात. त्यामुळे स्थलांतर आणि जन्म वेगवेगळे धरता येत नाहीत.

दुसरी गोष्ट परस्परपरिणामांची. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७०ची, तिथल्या वाशीचा खाडीपूल १९७३चा, पण मुंबईची लोकल वाशीला पोचली १९९२ला. घरं होती, प्लॉट होते, आणि माणसं मात्र गाडीची वाट बघत होती. गाडी आली तशी माणसं आली, मग दुकानं-ऑफिसं, आणि त्यामुळे आणखी माणसं.

ठाणे महापालिकेतल्याच मुंब्र्याचं उदाहरण याहून अवघड आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं तिथे आली. दंगली थांबल्या, पण ओघ थांबला नाही, कारण आता तिथे नातलग होते, ओळखीचे होते, परवडणारी खोली मिळत होती. एक धक्का पुढच्या कित्येक वर्षांची दिशा ठरवतो. इथे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांचं १९७१चं मॉडेल हमखास आठवतं: शेजारी थोडे आपल्यासारखे असावेत एवढीच प्रत्येकाची इच्छा, तरी वस्त्या पूर्ण वेगळ्या पडतात. मॉडेल सुंदर आहे, पण मुंब्र्याला ते सरळ लावू नका. तिथे भीती होती, आणि इतरत्र घर नाकारलं जाणंही होतं. त्याला ‘पसंती’ म्हणणं अन्यायाचं ठरेल.

संगणकात एकेक कुटुंब घालून त्याला नियम देणारी मॉडेल्स मला मनापासून आवडतात, पण धोकाही तिथेच आहे. नियम भरपूर घातले की कुठलाही आलेख जुळवता येतो. म्हणून आधी स्प्रेडशीटमध्ये पाच-पाच वर्षांचे वयोगट मांडा. मग एकच परस्परपरिणाम जोडा, समजा, घरं भरत आली की येणाऱ्यांचं प्रमाण घटतं. अशी मॉडेल्स चालवणारं नेटलोगो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शेलिंगचं मॉडेल त्यात तयारच आहे, हात बसवायला ते घ्या. मग २००१पासून मॉडेल चालवून २०११शी ताडून पाहा. नुसती बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका, ०-४ आणि २५-३४ हे गट जुळतात का बघा. २०११नंतर जनगणनाच झालेली नाही, पुढची २०२७ला आहे, तेव्हा मधल्या काळासाठी शाळांचे पट आणि वीजजोडण्या धरा. मतदारयाद्या जपून वापरा, घर सोडून गेलेल्यांची नावं त्यात बराच काळ राहतात.