आवडतं काम वर्षानुवर्षं करूनही आपण तिथल्या तिथेच का राहतो?

तुम्ही विचारलंय की काम मनापासून आवडतं, बरीच वर्षं तेच करताय, पण आता नवीन काही शिकतोय असं वाटत नाही. मग सुधारत राहायचं कसं, एखादा कोर्स लावावा का?

आधी जरा कडू बोलतो. नुसती वर्षं भरली म्हणून माणूस सुधारत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत हे चक्क तपासून झालंय. 2005 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा 62 अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांत, प्रॅक्टिस जितकी जुनी तितका ज्ञानाचा आणि उपचारांचा दर्जा उतरलेला दिसला. आता या सगळ्यांना आपलं काम आवडत नव्हतं असं थोडंच आहे!

मी मुद्रितशोधन करतो, म्हणजे प्रुफं तपासतो. या कामात हात बसणं हाच धोका असतो. ओळीच्या शेवटी ‘आणि’ आलं आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पुन्हा ‘आणि’ आलं, तर सरावलेली नजर दोन्ही मिळून एकच वाचते. मथळ्यातली चूक तर हमखास निसटते, कारण एवढ्या मोठ्या अक्षरात चूक असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून माझ्यानंतर दुसऱ्याने तपासलेली प्रत मी मागून घेतो आणि माझ्या नजरेतून काय सुटलं ते वहीत लिहितो. किती चुका सुटल्या यापेक्षा कुठल्या जातीच्या सुटल्या ते महत्त्वाचं. ऱ्हस्व-दीर्घ, विशेषनामं, आकडे, तळटिपांचे क्रमांक. काही आठवड्यांत वही बोलायला लागते. माझ्या बाबतीत ती आकड्यांवर बोट ठेवत होती. तेव्हापासून आकड्यांसाठी एक वेगळी फेरी, हातात पट्टी धरून, मजकुराचा अर्थ अजिबात न लावता. कंटाळवाणं काम आहे, पण उपयोग होतो.

हा कंटाळा लक्षात ठेवा. 1993 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे ‘दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो’ हा नियम गाजला. (एरिक्सनना स्वतःला तो नियम मान्य नव्हता. विसाव्या वर्षापर्यंतची ती सर्वोत्तम गटाची सरासरी होती आणि त्या गटातल्या निम्म्या वादकांचे तर तेवढे तास झालेलेही नव्हते.) मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते: एकट्याने केलेला रियाज सगळ्यात उपयोगी, असं त्या वादकांनीच सांगितलं; पण सगळ्यात आनंदाचा मात्र तो नव्हता. काम आवडीचं असलं की आपण त्यातला आवडीचा भागच घोटत बसतो, आणि जिथे अडखळतो तिथून बेमालूम वळसा घालतो. तुमचं गाडं बहुधा तिथेच अडलंय.

अर्थात, प्रगती थांबल्यासारखी वाटणं म्हणजे दरवेळी खरंच थांबणं नव्हे. 1897 मध्ये ब्रायन आणि हार्टर या अमेरिकन संशोधकांनी तारेचा (टेलिग्राफचा) संदेश आवाजावरून उतरवून घ्यायला शिकणाऱ्यांची गती मोजली. ती चढत जायची, मग आठवडेच्या आठवडे सपाट, आणि नंतर पुन्हा वर. त्यांचं म्हणणं, या सपाटीत कान सुटी अक्षरं ऐकायचं सोडून अख्खे शब्द ऐकायला शिकत असतो. पुढे या सपाटीवर बरेच वाद झाले, तरी शिकताना असं होतं हे मी स्वतः अनुभवलंय. त्यामुळे महिनाभर काही हललं नाही म्हणून लगेच पद्धत बदलू नका.

राहता राहिला कोर्स. जिथे तुमचं काम कुणीतरी तपासून, खुणा करून परत देतं असा असेल तर जरूर लावा. नुसते व्हिडिओ बघायचे असतील तर त्याला पैसे घालू नका. ते मीही बघतो, जेवताना.