‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’मध्ये संभाषण कुठून आलं?

प्रश्न असा आलाय: इंग्लंडमधल्या जुन्या खटल्यांच्या हकिकतींत ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ भेटतं, त्याला मराठीत ‘गुन्हेगारी संभाषण’ म्हणावं का?

मुळीच नाही! हे भाषांतर वाचून वाचून डोकं उठलंय. तो फौजदारी गुन्हाही नव्हता आणि संभाषण तर नव्हतंच. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषावर नवऱ्याने लावलेला नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होता तो. सर रिचर्ड वर्स्लीने कॅप्टन बिसेटवर २०,००० पौंडांचा दावा लावला, १७८२ मध्ये ज्यूरीने त्याच्या हातावर एक शिलिंग टेकवला. १८५७ च्या कायद्याने इंग्लंडमधले हे दावे बंद झाले.

आता खरी गंमत. कॉन्व्हर्सेशन म्हणजे गप्पा, हा अर्थ मागाहून, सोळाव्या शतकात चिकटला. मूळ लॅटिन ‘कॉन्व्हर्सारी’ म्हणजे कुणाच्या संगतीत राहणं, त्याच्याकडे ऊठबस असणं. त्याच्या पोटातला ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणं, आणि तो आपल्या संस्कृत ‘वृत्’चा सख्खा भाऊ! आजी तळहातावर कापूस वळून निरांजनात ठेवते ती वात, म्हणजे ‘वर्ति’, याच धातूची. वर्तुळ त्याचंच. आणि वर्तनही! १६११ च्या इंग्रजी बायबलात, पेत्राच्या पहिल्या पत्रात, वचन न मानणारे नवरे बायकांच्या ‘कॉन्व्हर्सेशन’ने शब्दावाचून जिंकले जावेत असं म्हटलंय. शब्दावाचून संभाषण कसं होणार? तिथे ‘वर्तन’ घालून बघा, वाक्य लख्ख होतं.

कोर्टाला लाज वाटली म्हणून ‘गप्पां’चा पडदा घेतला, असं सांगणाऱ्या पंडितांशी माझं अजिबात जमत नाही. आधी कालक्रम तरी बघा! इंग्रजीत शय्येचा अर्थ गप्पांच्या आधीचा आहे. गप्पा हा अर्थ जन्मायच्या आत त्याचा पडदा कुणी विणला? आपल्याकडे थोरांचाही सहवास लाभतो आणि कायद्याच्या भाषेत नवराबायकोचाही सहवास असतो. त्यात कुणी काही झाकत नाही. एकत्र राहण्याचा शब्द जवळिकीपर्यंत आपसूक पोचतो, इंग्रजीतही तेच झालं.

हां, भाषांतराचं राहिलं. ‘व्यभिचाराबद्दल भरपाईचा दावा’ लिहा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात तो याच इंग्रजी नावाने आजही लावता येतो, तेव्हा बातम्या लिहिणाऱ्यांनी तरी ‘गुन्हेगारी संभाषण’ आवरावं.