ड्यूटीवरून आल्यावरचा पहिला तास

लेस्टरहून पत्र आलंय. लिहिणारे दांडिया बाजारात वाढलेले पक्के बडोदेकर, बायको तिकडे इमर्जन्सी विभागात नर्स. काळज्या चार: बायको गप्प झालीय, मुलगा मराठीला इंग्रजीत उत्तर देतो, आईला उन्हाळ्यात बोलवायचंय, आणि घर आत्ता घ्यावं की थांबावं. मी पहिलीवरच बोलणार आहे. नेहमीचे वाचक म्हणतील, आली ताई पुन्हा आपल्या तासावर. आले तर आले.

ते लिहितात, 'तीन आठवड्यांपूर्वी तिच्यासमोर एक लहान मूल गेलं. त्यानंतर गाडी दारात लावून ती आतच बसून राहते. मायक्रोवेव्ह वाजला तरी दचकते. मी समजावलं, अगं, हे तुमचं रोजचंच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. आता ती माझ्याशीही धड बोलत नाही.'

अहो, पहिल्यांदा ती गप्प झाली त्या लहान मुलाच्या जाण्यामुळे. दुसऱ्यांदा गप्प झाली ती तुमच्या समजावण्यामुळे. तुम्ही वाईट हेतूने बोलला नाहीत हे मला कळतं. आपल्याकडे माहेरी-सासरी सगळेच असंच बोलतात, वर 'पाउंड काय उगाच मिळतात का' असंही एखादा काका ऐकवतो. पण मायक्रोवेव्हचा आवाज तिच्या कानाला मॉनिटरच्या अलार्मसारखा लागतो, त्यात मनाचा कमकुवतपणा कुठे आला? आणि प्रत्येक वेळी मृत्यूच सलतो असंही नाही. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नर्सिंगच्या नीतिशास्त्रावर लिहिताना एक वेगळा त्रास मांडला होता: काय करायला हवं ते माहीत असतं, पण करता येत नाही. बेड नाही, माणसं कमी, म्हातारा पेशंट कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर. हे घरी सांगायचं कसं? घरचे म्हणणार, 'त्यात तुझी काय चूक?' तिलाही ते माहीत असतं, तरी सलतं.

माझी मावशी बडोद्यातच भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती. ती घरी आली की आजीचा नियम होता: तिची अंघोळ आणि चहा होईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही. नळाचं बिल नाही, लग्नाची पत्रिका नाही. मग आजी तांदळाचं ताट घेऊन तिच्या शेजारी बसायची, समोर नाही, शेजारी. दोघी खडे वेचायच्या. कधी मावशी बोलायची, कधी सगळे तांदूळ निवडून व्हायचे तरी शब्द नाही. आजीने कधी 'विसर' म्हटलं नाही. होळी पेटली की मावशी खिडक्या लावून आत बसायची, आणि वाड्यातल्या एकाही पोराने तिला त्यावरून चिडवलं नाही, कारण आजीने तशी तंबीच दिली होती. मावशीने निवृत्तीपर्यंत नोकरी केली.

तेव्हा तो पहिला तास सांभाळा. तुमच्याच पत्रात आहे: 'नाइट करून ती नऊला येते आणि लगेच बडोद्याहून आईचा व्हिडिओ कॉल असतो.' तिकडे दुपारचा दीड झालेला, जेवणं उरकलेली, आईंना हीच वेळ सोयीची. सोफ्यावर काकू, आत्या, शेजारच्या बेन, सगळ्या ओळीने. आणि जिने रात्रभर उभ्याने काढली तिने हसून विचारायचं, काय जेवलात? तो कॉल बंद करा. आईंना तुम्ही सांगा, सुनेला सांगायला लावू नका. रागावल्या तर तुमच्यावर रागावू देत.

मात्र खोदून विचारूही नका. कुठले उपचार द्यावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१८ची मार्गदर्शिका सांगते की अशा प्रसंगानंतर माणसाला बसवून सगळं मुद्दाम बोलतं करण्याच्या सत्राने पुढचा पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनाला जडणारा आजार, टळत नाही, तसं सत्र देऊ नये. बोलली तर ऐका. पेशंटचं नाव ती सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. आणि तिचं बोलणं फॅमिली ग्रुपवर 'आमची सून किती सोसते' म्हणून टाकू नका. हसू नका, असे नवरे मी पाहिलेत.

पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, तेच तेच दिसणं हे पुष्कळांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. तुमचे तीन आठवडे झालेत. महिन्यानंतरही दचकणं, टाळणं तसंच राहिलं तर उपचार घ्यायला हवेत. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी समुपदेशन सेवेकडे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येतं. ट्रॉमावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणी हाताळण्याची थेरपी) हे त्यावरचे मान्य उपचार. तिच्या नोकरीतल्या ऑक्युपेशनल हेल्थलाही, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागालाही, ती भेटू शकते. 'रजिस्ट्रेशन जाईल' ही भीती तुम्ही लिहिलीय. नुसता आजार आहे किंवा उपचार चालू आहेत म्हणून एनएमसी, म्हणजे तिकडची नर्सची नोंदणी ठेवणारी संस्था, कुणाला कामासाठी अयोग्य ठरवत नाही. जगणं नकोसं झाल्याचं बोलली तर मात्र महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या. समॅरिटन्स या मदत करणाऱ्या संस्थेचा ११६ १२३ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मोफत आहे.

बाकीचं थोडक्यात. मुलाशी तुम्ही मराठीत बोलत राहा, उत्तर कुठल्याही भाषेत येवो. घर थांबेल, बायकोच्या ओव्हरटाइमवर हप्त्याचं गणित बसवत असाल तर नक्कीच थांबवा. व्हिजिटर व्हिसावर आईंना साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, खुशाल बोलवा. फक्त विमानात बसण्याआधी त्यांना त्या तासाचा नियम समजावून ठेवा.

आणि पुढचं पत्र तुम्ही लिहू नका. तिला वाटलं तर तीच लिहील.